थांबून राहण्याची ताकद

सुरतेच्या उधन्यातल्या यंत्रमागांच्या वस्तीत, लिंबायतमध्ये किंवा डिंडोलीत एखाद्या कामगाराचा बरा झालेला हिवताप महिन्या-दोन महिन्यांनी उलटला, की त्याची कारणं आजूबाजूचे सगळेच सांगतात. गोळ्या अर्धवट सोडल्या असतील. डास पुन्हा चावला असेल. नाहीतर जंतूला औषधाची सवय झाली असेल. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे आणि ती उथळ आहे. परजीवी शरीरात एकतर असतो आणि वाढतो, नाहीतर मरतो आणि संपतो, असं ती मानते. जिवंत असून न वाढणारा परजीवी तिच्या हिशेबातच नसतो.

माझं म्हणणं असं आहे की हिवतापाचा परजीवी टिकून राहिला आहे तो मुख्यतः या तिसऱ्या अवस्थेच्या बळावर. भूक, ताप, औषध, माणसातून डासात आणि डासातून माणसात जाणं, यांपैकी कोणताही ताण आला की तगून राहण्यासाठी त्याला आपली जनुकं बदलावी लागत नाहीत. त्या जनुकांवरून निघालेल्या निरोपांचं, म्हणजे संदेशवाहक आरएनएचं, वाचन तो थांबवतो, लांबवतो किंवा काही मोजक्या निरोपांपुरतं चालू ठेवतो. आणि ताप मोजून व डास मोजून चालणारी आपली व्यवस्था या थांबलेल्या परजीवीला पाहू शकत नाही. उधन्यासारख्या ठिकाणी ही उणीव सगळ्यात महाग पडते, कारण इथली माणसं थांबत नाहीत. उधना जंक्शनवरून तापी खोऱ्याची रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला जाते. आखाजीला, कानबाईला, लग्नसराईला खानदेशी कामगार तिनं गावी जातात आणि परततात. परजीवीही त्यांच्यासोबत ये-जा करतो, अनेकदा ताप नसताना.

१. जनुकं चालू-बंद होणं ही अर्धीच गोष्ट

जनुकात प्रथिनाची कृती असते, एवढं शाळेत शिकवलं जातं. पेशीला प्रथिन हवं असतं तेव्हा त्या जनुकाची एक नक्कल निघते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. सोयीसाठी तिला इथून पुढे निरोप म्हणतो. रायबोसोम तो निरोप वाचतात आणि प्रथिन जोडत नेतात. या वर्णनात निर्णयाची जागा एकच दिसते: जनुक चालू करायचं की बंद ठेवायचं. निरोप निघाला की तो वाचला जाणारच, असं त्यात न बोलता धरलेलं असतं.

२००२ मध्ये प्लाझमोडियम फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि हे चित्र अडखळलं. जनुकं निघाली सुमारे ५३००, म्हणजे यीस्टच्या जवळपास. यीस्टकडे ही चालू-बंद सांभाळणारी प्रथिनं दोनशेच्या घरात आहेत. परजीवीत ती शोधूनही सापडेनात. २००५ मध्ये एपी-टू नावाचं एक कुळ हाती लागलं, त्याचे सदस्य सुमारे २७. एवढ्या थोड्या कारभाऱ्यांवर ही एकपेशीय काया माणसाच्या यकृतात, तांबड्या पेशीत, डासाच्या जठरात आणि डासाच्या लाळग्रंथीत वेगवेगळी रूपं घेऊन जगते. फक्त जनुकांच्या पातळीवरच्या नियंत्रणानं हे कसं साधावं?

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या जोसेफ डीरिझी यांच्या प्रयोगशाळेनं २००३ मध्ये तांबड्या पेशीतल्या ४८ तासांच्या चक्राचा तासातासाचा हिशेब मांडला. बहुतेक जनुकांचा निरोप चक्रात एकदाच, त्या प्रथिनाची गरज पडण्याच्या सुमारास, शिगेला पोचतो असं दिसलं. या सुबक क्रमाचा पुढे काहींनी असा अर्थ लावला की परजीवी ठरलेला कार्यक्रम आंधळेपणानं चालवतो आणि बाहेरच्या ताणाला त्याच्याकडे फारसं उत्तर नसतं. वस्तीतल्या समजुतीचीच ही विद्वान आवृत्ती म्हणायची. पण त्याच प्रयोगशाळेनं २००७ मध्ये निरोपांचं आयुष्य मोजलं. चक्राच्या सुरुवातीच्या अवस्थेत निरोपांचं सरासरी अर्धायुष्य साडेनऊ मिनिटं होतं. शेवटच्या अवस्थेत ते ६५ मिनिटांवर गेलं. म्हणजे निरोप किती लिहिले जातात एवढ्यावर काही ठरत नाही. लिहिलेला निरोप किती वेळ टिकू द्यायचा हाही नियंत्रणाचाच भाग आहे, आणि या पेशीत तो फार मोठा भाग आहे.

२. निरोप तयार ठेवायचा, वाचायचा नाही

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा परजीवीच्या मादी रूपात, म्हणजे मादी गॅमेटोसाइटमध्ये मिळतो. फाल्सिपेरमच्या गॅमेटोसाइटला पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात. त्यानंतर ती रक्तात फिरत राहते. डास येईल किंवा येणारही नाही. आला आणि रक्त प्यायला, तर डासाच्या जठरात तापमान एकदम उतरतं, रसायनं बदलतात आणि पाव तासाच्या आत नर-मादी युग्मकं तयार होऊन फलन सुरू होतं. पुढच्या दिवसभरात फलित पेशीला जठराची भिंत भेदणारं रूप घ्यायचं असतं. एवढ्या घाईत जनुकांपासून सुरुवात करायला वेळ नसतो.

म्हणून निरोप आधीच लिहून ठेवलेले असतात. डासात गेल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर लागणाऱ्या पी-२५ आणि पी-२८ या प्रथिनांचे निरोप माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या मादीत भरपूर सापडतात. ती प्रथिनं मात्र सापडत नाहीत. २००६ मध्ये गुन्नार मेअर, अँड्र्यू वॉटर्स आणि त्यांच्या लायडनमधल्या सहकाऱ्यांनी उंदरांतल्या प्लाझमोडियम बर्घीवर काम करून यामागचं एक प्रथिन दाखवलं. त्याचं नाव डोझी. ते शेकडो निरोपांना बांधून, वाचनापासून दूर ठेवतं. डोझी काढून टाकलं तर हे निरोप वाचले जाण्याऐवजी नष्टच होतात आणि फलनानंतरची वाढ खुंटते. म्हणजे अडवणं आणि जपणं ही इथे एकच क्रिया आहे. आखाजीच्या आदल्या रात्री घरातली बाई पुरण वाटून झाकून ठेवते आणि माणसं पानावर बसली की मगच मांडे करायला घेते, तशीच ही तयारी असते.

यातला एक पैलू मला फार महत्त्वाचा वाटतो. पी-२५ हे प्रथिन माणसाच्या शरीरात बनतच नसल्यानं आपल्या प्रतिकारशक्तीला त्याची ओळख कधी होत नाही. म्हणूनच डासातली वाढ अडवणाऱ्या लशींसाठी संशोधकांनी फाल्सिपेरमच्या याच प्रथिनावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आहे. निरोप न वाचण्यानं परजीवीला वेळ मिळतो, आणि शिवाय तो लपूनही राहतो.

डासाच्या लाळग्रंथीत हेच पुन्हा घडतं, फक्त यंत्रणा वेगळी. तिथे बीजाणू, म्हणजे स्पोरोझोइट, डासाच्या पुढच्या चाव्याची वाट पाहत पडून असतात. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या नुसेनझ्वाइग दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या मिन झांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या काळात आयके-टू नावाचा किनेज ईआयएफ-टू-अल्फा या प्रथिनाला फॉस्फेट जोडतो. ईआयएफ-टू-अल्फाशिवाय रायबोसोमला वाचन सुरू करता येत नाही; फॉस्फेट लागला की एकूण प्रथिननिर्मितीच मंदावते. हा किनेज काढून टाकला तेव्हा स्पोरोझोइट लाळग्रंथीतच यकृतातल्या रूपाकडे वळू लागले आणि त्यांची संसर्ग करण्याची ताकद घटली. थांबता न येणं त्यांना घातक ठरलं. या लेखातला सगळा युक्तिवाद एका प्रयोगावर उभा करायचा झाला, तर मी याच प्रयोगावर करीन.

३. भूक आणि ताप

आता ताणाकडे वळू. तांबड्या पेशीतला परजीवी हिमोग्लोबिन खातो आणि त्यातून अमिनो आम्लं मिळवतो. माणसाच्या प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल अजिबात नसतं. ते परजीवीला रक्तद्रवातून घ्यावं लागतं. २०१२ मध्ये सेंट लुईच्या डॅनियल गोल्डबर्ग यांच्या गटानं फाल्सिपेरमला आयसोल्युसिनविना ठेवून पाहिलं. परजीवी मेले नाहीत. वाढ मंद करून ते एका शीतनिद्रेसारख्या अवस्थेत गेले आणि आयसोल्युसिन मिळताच पुन्हा वाढू लागले. इथे एक बारकावा प्रामाणिकपणे सांगायला हवा. उपासमारीत ईआयएफ-टू-अल्फाला फॉस्फेट लागतो खरा, पण तो लावणारा किनेज काढून टाकलेले परजीवीही तगले. थांबण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. एक कळ सापडली म्हणजे सगळं कोडं सुटलं, असं मानणं हाही उथळपणाच होईल.

तापाचं गणित आणखी विलक्षण आहे. अंगाचं तापमान ४१ अंशांकडे गेलं की परजीवीची प्रथिनं बिघडू लागतात. यीस्टपासून माणसापर्यंत अशा वेळी एचएसएफ-वन नावाचा एक नियामक धावून येतो. प्लाझमोडियमकडे तो नाही. २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या आल्फ्रेड कोर्तेस यांच्या गटानं दाखवलं की एपी-टू कुळातलं एक प्रथिन तेच काम करतं. त्याला एपी-टू-एचएस म्हणतात. उष्णतेचा झटका बसताच ते अगदी मोजक्या जनुकांचे निरोप वाढवतं, मुख्यतः इतर प्रथिनांना आकार टिकवायला मदत करणाऱ्या एचएसपी-७० आणि एचएसपी-९० यांचे. प्रयोगशाळेत स्थिर तापमानाला वाढवलेल्या काही उपवाणांत हे एपी-टू-एचएस तुटलेलं निघालं, आणि ते उपवाण तापात टिकेनात. तापाचा सामना करावा लागला नाही तिथे ही क्षमता गळून पडली. माणसात ती टिकून आहे, कारण तिथे ती लागते.

याच प्रश्नावर भारतात चांगलं काम झालं आहे आणि मराठी वाचकाला ते माहीत असायला हवं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उत्पल टाटू यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं की तापासारखी उष्णता वारंवार दिली तर फाल्सिपेरमची तांबड्या पेशीतली वाढ पुढे सरकते, आणि एचएसपी-९० अडवलं तर ती खुंटते. ताप परजीवीला मारतो एवढंच आपण धरून चालतो. तो त्याला वेळेची खूणही देतो. पुण्याच्या आयसरमध्ये कृष्णपाल करमोदिया यांच्या गटानं २०२१ मध्ये एकेका परजीवी पेशीतले निरोप स्वतंत्रपणे वाचले. एकाच वयाच्या, एकाच भांड्यातल्या पेशी घेतल्या, काही नेहमीच्या तापमानाला ठेवल्या, काहींना उष्णता दिली. नेहमीच्या तापमानालाही सुमारे १० टक्के पेशींत ताण झेलणाऱ्या यंत्रणांचे निरोप आधीपासूनच वाढलेले होते. आणि उष्णता दिल्यावर थोड्या पेशींत एपी-टू-जी, म्हणजे लैंगिक रूपाकडे वळवणारा मुख्य नियामक, वर चढला. जनुकं तीच, वातावरण तेच, तरी काही पेशी संकट यायच्या आधीच तयार असतात आणि संकट आल्यावर काही पेशी डासाकडे जायची तयारी करू लागतात. रुग्णाच्या रक्तात परजीवी एकसारखे असतात असं धरून औषधाचा विचार करणं किती अपुरं आहे, ते या एका निष्कर्षावरून कळतं.

४. औषधाच्या माऱ्यात

आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या थू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. या औषधानं असंख्य जीव वाचवले. पण ते रक्तात फार थोडा वेळ, तासाभराच्या हिशेबात, टिकतं. आणि एकटंच दिलं तर बऱ्याच रुग्णांत परजीवी काही दिवसांनी परत दिसतो. म्हणूनच ते सोबतीच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाबरोबर देतात. परत येणारे हे परजीवी दर वेळी जनुकं बदललेले असतात का? नाही. औषधाच्या माऱ्यात सुरुवातीच्या अवस्थेतले काही थोडे परजीवी वाढ थांबवून पडून राहतात आणि औषध ओसरल्यावर उठतात. २०१७ मध्ये झांग आणि सहकाऱ्यांनी यामागे पीके-फोर हा किनेज असल्याचं दाखवलं. तोही ईआयएफ-टू-अल्फालाच फॉस्फेट लावतो. पीके-फोरला अडवणारं रसायन सोबत दिलं, तेव्हा प्रयोगात परजीवींना असं पडून राहता येईना आणि संसर्ग उलटेना.

यावर जाणकार वाचक लगेच विचारेल: मग कंबोडियात सापडलेलं, २०१४ मध्ये ओळख पटलेलं के-१३ जनुकातलं उत्परिवर्तन काय आहे? तो तर जनुकातलाच बदल आहे. आहे, आणि तो गंभीर आहे. पण तो बदल काम कसा करतो ते पाहा. २०२० मध्ये दाखवलं गेलं की के-१३ बिघडलेला परजीवी सुरुवातीच्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी गिळतो. आर्टेमिसिनिनला जागं करणारं लोह हिमोग्लोबिनच्या पचनातूनच येतं. म्हणजे कमी खायचं, मंद राहायचं आणि औषध ओसरू द्यायचं. २०१७ च्या कामातही या परजीवींत ईआयएफ-टू-अल्फाचं नियमन बदललेलं दिसलं होतं. उत्परिवर्तनानं परजीवीला थांबण्याची कला नव्यानं दिलेली नाही. आधीच असलेली कला त्यानं सोपी केली. औषधाची सवय होणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत; पहिली दुसरीच्या पोटातून जन्म घेते.

५. यकृतात पडून राहिलेला व्हायव्हॅक्स

सुरतेसारख्या शहरात लोकांना वारंवार गाठणारा हिवताप प्लाझमोडियमच्या दुसऱ्या जातीचा, व्हायव्हॅक्सचा. त्याचे काही परजीवी यकृतात शिरल्यावर वाढतच नाहीत. आठवडे, कधी कित्येक महिने ते एकट्या पेशीच्या रूपात पडून राहतात. क्रोटोस्की आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या पेशी यकृतात प्रत्यक्ष दाखवल्या. त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. व्हायव्हॅक्स प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही, म्हणून हिप्नोझोइटची नेमकी आण्विक कळ फाल्सिपेरमइतकी उलगडलेली नाही, आणि डोझी किंवा पीके-फोरचं उत्तर जसंच्या तसं इथे चिकटवणं चूक ठरेल. पण थांबून राहणं हाच याचा स्वभाव आहे, यावर वाद नाही.

क्लोरोक्वीन रक्तातला परजीवी मारतं. हिप्नोझोइटला ते हात लावत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीन लागतं आणि भारताच्या उपचारपद्धतीप्रमाणे ते १४ दिवस घ्यायचं असतं. ताप मात्र दोन-तीन दिवसांत उतरतो. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना प्रायमाक्वीननं रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत.

६. एकाच कुळाची लकब नव्हे

हे सगळं प्लाझमोडियमचं वैशिष्ट्य असेल, असं कुणी म्हणेल. तसं नाही. उत्क्रांतीच्या वृक्षावर प्लाझमोडियमपासून फार दूर असलेले ट्रिपॅनोसोम आणि लेश्मानिया तर या दिशेला आणखी पुढे गेले आहेत. त्यांची जनुकं लांबलचक माळेत एकत्र नकलली जातात. मग प्रत्येक निरोप तोडून त्याच्या टोकाला ३९ अक्षरांचा एकच ठरावीक तुकडा जोडला जातो. एकेक जनुक वेगळं चालू-बंद करायची सोय जवळपास नाहीच. त्यामुळे कोणता निरोप टिकेल आणि कोणता वाचला जाईल, यावरच सगळा कारभार चालतो. आफ्रिकी निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोममध्ये उष्णतेच्या ताणात झेडसी-३-एच-११ हे प्रथिन एचएसपी-७० सारख्या निरोपांना घट्ट धरून ठेवतं; हायडेलबर्गच्या क्रिस्टीन क्लेटन यांच्या गटानं ते २०१३ मध्ये दाखवलं. ट्रिपॅनोसोम परदेशातले म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीजवळच्या सिवनीच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात जनावरांना सर्रा करणारा ट्रिपॅनोसोम इव्हान्सी सापडला होता, आणि माणसातला तो पहिला सिद्ध झालेला रुग्ण म्हणून वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला. दोन अगदी वेगळ्या वंशांनी ताणावरचं उत्तर मुख्यतः निरोपांच्या पातळीवर शोधलं, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. यजमान बदलत जगणाऱ्या जीवाला झटपट वळण घ्यावं लागतं आणि तितक्याच झटपट माघारीही यावं लागतं. जनुक बदललं की माघार नाही. निरोप थांबवला तर तो पुन्हा सोडता येतो.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की डास आवरले तर हे सगळं आपोआप सुटतं; सुरतेनं १९९४ च्या प्लेगनंतर ते करून दाखवलं आहे. प्लेगनंतर या शहरानं स्वच्छता आणि आरोग्याची देखरेख यांत केलेलं काम मोठं होतं आणि त्याचा मला आदर आहे. पण शहरी हिवतापाचा मुख्य डास ॲनोफिलिस स्टेफेन्सी गच्चीवरच्या टाक्यांत, बांधकामाच्या हौदांत, म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो. कचरा उचलून तो जात नाही. आणि तो गेला तरी हिप्नोझोइट माणसाच्या यकृतात आहेच. लाखो माणसं १९९४ च्या सप्टेंबरात हे शहर सोडून गावोगाव गेली होती. सुरतेतला आजार सुरतेत राहत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसरा आक्षेप भाषेबद्दलचा आहे. ‘थांबतो’, ‘वाट पाहतो’, ‘तयारी करतो’ असं बोलून मी पेशीला बुद्धी बहाल करतो आहे, असं कुणी म्हणेल. नाही. फॉस्फेट लागला की प्रथिननिर्मिती मंदावते, एवढंच तिथे घडतं. ज्या परजीवींत हे घडलं त्यांची पिढी उरली, ज्यांत घडलं नाही ती संपली. लाळग्रंथीतल्या प्रयोगात हेच डोळ्यांसमोर झालं. पण बुद्धी नसणं म्हणजे प्रतिसाद नसणं नव्हे. इथे प्रतिसाद आहे, मोजता येण्याजोगा आहे, आणि म्हणूनच अडवताही येईल.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना: रुग्ण गोळ्या सोडतो, दोष त्याचा. हा आक्षेप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. तीन दिवसांत ताप उतरलेला, मीटरवर मजुरी घेणारा, बारा तासांच्या पाळीवर परतलेला माणूस अंगात काहीच लक्षण नसताना अकरा दिवस आणखी गोळ्या घ्यायच्या कशासाठी, हे कुणी समजावलं तरच समजेल. ‘कोर्स पूर्ण करा’ हे सांगणं म्हणजे समजावणं नाही. ‘ताप उतरलाय, पण परजीवी यकृतात पडून आहे आणि ह्या गोळ्या त्याच्यासाठी आहेत’ हे समजावणं झालं, आणि ते खानदेशी कामगाराला त्याच्या मराठीत किंवा अहिराणीत दोन वाक्यांत सांगता येतं. शिवाय ज्याला प्रायमाक्वीन देताच येत नाही, त्याचा ताप उलटला तर दोष कुणाचा?

८. उधन्यात काय बदलायला हवं

भारतानं २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणायचं आणि २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करायचं ठरवलं आहे. रुग्ण कमी होत जातात तसा उरलेल्यांत थांबलेल्या परजीवीचा वाटा वाढतो. आजवरची पद्धत ताप आलेल्याचं रक्त काचपट्टीवर घेते. ती पद्धत हवीच. पण आखाजीला गावी गेलेल्या कामगाराला नंदुरबार जिल्ह्यात ताप आला, तर तो रुग्ण तिथे नवा म्हणून नोंदला जातो, आणि आठ महिन्यांपूर्वी त्याला सुरतेत व्हायव्हॅक्स झाला होता हे त्या नोंदीला कळत नाही. इकडे डासांच्या जागा शोधल्या जातात, तिकडे औषध पुन्हा तीन दिवसांचं दिलं जातं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सुरत महानगरपालिका आणि नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणांनी व्हायव्हॅक्सच्या रुग्णाची नोंद राज्याच्या सीमेपलीकडे पोचवावी. १४ दिवसांचा उपचार पूर्ण झाला का, हे त्या नोंदीत असावं. प्रायमाक्वीन देण्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी वस्तीतल्या दवाखान्यात मिळावी. ताप आलेल्या प्रत्येकाला ‘गेल्या वर्षभरात मलेरिया झाला होता का, कुठे?’ हे विचारलं जावं. फाल्सिपेरमच्या रुग्णाला, उपचारपद्धतीत सांगितल्याप्रमाणे, गॅमेटोसाइट मारणारा प्रायमाक्वीनचा एक डोस चुकू नये, कारण ताप गेल्यावरही त्याच्या रक्तात तयार निरोप घेऊन फिरणाऱ्या माद्या असतात. आणि पुण्याच्या आयसरमध्ये, बंगळुरूमध्ये परजीवीच्या ताण झेलण्यावर जे काम चाललं आहे, त्याला हिवताप निर्मूलनाच्या खर्चाचा भाग मानलं जावं. पीके-फोरला अडवणारं औषध आज रुग्णाला देण्याजोगं नाही. आणि यकृतात पडून राहिलेल्या व्हायव्हॅक्सवर भारताच्या उपचारपद्धतीतलं साधन चौदा दिवसांच्या गोळ्या हेच आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी उधन्यात दवाखाना चालवत असेल, यंत्रमागाच्या खात्यात मुकादम असेल किंवा घरात व्हायव्हॅक्सचा रुग्ण असेल, तर त्यांना एवढीच विनंती आहे: चौथ्या दिवशी, ताप नसताना, त्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा.